भिजलेला कापूस

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा लागला की कार्ल्सरूहेची हवा एका सकाळी अचानक बदलते. आदल्या दिवसापर्यंत झाडांवर पिवळं ऊन असतं, लोक कॅफेबाहेर खुर्च्या टाकून बसलेले असतात. आणि दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली की ओल्या पानांचा, कुजक्या लाकडाचा आणि कुणाच्या तरी घरात पेटवलेल्या शेगडीचा वास एकदम नाकात शिरतो. बाकीच्यांना या वासाने ख्रिसमसचे वेध लागतात. माझ्या हाताची बोटं आपोआप मुठीत जातात, जणू कुणी ती हिसकावून घेणार आहे.

यंदा तो वास आला त्याच सकाळी माझी मुलगी तारा नाश्त्याच्या टेबलावर म्हणाली, "पप्पा, सोमवारपासून मी शाळेत आलाइन जाणार. सायकलने. एकटी."

तारा आता चौथीत आहे. इथे चौथीतल्या मुलांची सायकल चालवण्याची परीक्षा, प्रूफुंग, होते. खरेखुरे पोलीस येऊन ती घेतात. त्यात ती पास झाली होती, आणि पास झालेल्या माणसाला बापाने सोबत यावं हे तिला पटत नव्हतं.

"पाऊस असला तरी?" मी विचारलं.

"आउख बाय रेगन," ती म्हणाली. पावसातसुद्धा. "मग काय झालं?"

मग काय झालं, हे तिला कसं सांगू? ती तेव्हा जेमतेम पहिलीत होती. त्या हिवाळ्यातलं तिला फक्त एक मोठं कुत्रं आठवतं.

ते वर्ष आमच्या घराला विचित्र होतं. माझी बायको सुजाता हिला झिंडेलफिंगेनमध्ये गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली होती. रोज जाणं-येणं झेपणारं नव्हतं, म्हणून ती सोमवार ते शुक्रवार तिकडेच एका खोलीत राहायची. मी इथल्या विद्यापीठात काँक्रीटवर संशोधन करतो. काँक्रीटमधल्या बारीक भेगांत पाणी शिरतं, ते गोठतं, फुगतं, आणि काँक्रीट आतून फुटतं. ते कसं फुटू नये, हे माझं काम. आमचं घर शहराच्या उत्तरेला, जंगलापलीकडच्या गावात. शहरात भाडं परवडत नव्हतं, आणि गावातून थेट ट्राम होती म्हणून घेतलेलं. त्याच शरद ऋतूत ट्रामचे रूळ दुरुस्तीला काढले आणि वसंतापर्यंत ट्राम बंद झाली. बदली बस होती, पण ती सगळ्या गावांना प्रदक्षिणा घालत यायची. तारा गावातल्याच शाळेत होती; शाळा सुटल्यावर ती होर्टमध्ये, म्हणजे शाळेच्याच पाळणाघरात, थांबायची. ते संध्याकाळी वेळेवर बंद व्हायचं आणि बस वेळेवर पोचायची नाही. गाडी नव्हती. राहिली सायकल, आणि मधलं जंगल.

ज्यांनी ते जंगल पाहिलं नाही त्यांना मी एवढंच सांगेन की त्याचे रस्ते भयंकर सरळ आहेत. शहराच्या मधोमध असलेल्या राजवाड्यापासून सूर्याच्या किरणांसारखे निघतात आणि झाडांमधून सुसाट उत्तरेला जातात. वळण नाही, चढ नाही, दिवा नाही. दिवसा सुंदर वाटतं. नोव्हेंबरात संध्याकाळ होण्याआधीच अंधार पडतो, आणि मग त्या सरळ रस्त्यावर आपल्या दिव्याचा टिचभर उजेड सोडला तर पुढे काहीच नसतं. वाकडा रस्ता माणसाला निदान सांगतो की आता वळण येईल. सरळ रस्ता काहीच सांगत नाही. किती आलो, किती राहिलं, काही कळत नाही. पायाखाली पानं चिरडत राहतात आणि मागून कुणी येतंय की काय असं सारखं वाटत राहतं.

मी अकोल्याचा. उन्हापासून अंग कसं वाचवायचं ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. मे महिन्यात दुपट्टा ओला करून डोक्याला, कानाला, नाकाला असा गुंडाळायचा की फक्त डोळे दिसतील. खिशात कांदा ठेवायचा. अंगात सैल, पांढरं, सुती. आमच्याकडे सगळ्याला एकच औषध, कापूस. माझे बाबा आयुष्यभर एका जिनिंग फॅक्टरीत कापसाची प्रत ठरवायचे. नुसत्या चिमटीत धागा ओढून ते सांगायचे की हा कुठल्या तालुक्यातला. मी जर्मनीला निघालो तेव्हा त्यांनी स्वतः निवडलेल्या जाड सुती बनियनी, सुती फुल शर्ट आणि एक सुती हुडी माझ्या बॅगेत कोंबली होती. "अंगाले कापूसच पाह्यजे बेटा," ते म्हणाले होते. "बाकी सारं प्लास्टिक."

त्या हिवाळ्यात मी तेच घालून सायकल चालवत होतो. बनियन, शर्ट, हुडी, जीन्स, आणि वरून किराणा दुकानातून घेतलेला पातळ प्लास्टिकचा रेनकोट. लोकरीचे हातमोजे, तेही निम्मे सुताचे. थंडी वाजायची, पण थंडी वाजणारच, जर्मनी आहे, असं म्हणून मी पुढे जायचो. ऑफिसातले जर्मन लोक एक म्हण सारखी ऐकवतात, की वाईट हवा असं काही नसतं, वाईट कपडे असतात. मला ती म्हण बढाईखोर वाटायची.

त्या संध्याकाळी निघालो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. प्रयोगशाळेतून निघायला जरा उशीर झालेला, म्हणून मी जोरात पायडल मारत होतो. रेनकोटच्या आत घाम. बनियन भिजली, शर्ट भिजला. गळ्यातून पाणी आत झिरपत होतं, जीन्स मांडीला चिकटून जड झाली होती. जंगलाच्या मध्यावर पाऊस बदलला. थेंब जाड झाले, चेहऱ्याला टोचू लागले. निम्मं पाणी, निम्मं बर्फ. आणि तेवढ्यात खट्ट आवाज झाला, पाय एकदम मोकळे फिरले. साखळी उतरली होती.

साखळी बसवणं किती सोपं काम. लहानपणी अकोल्यात डोळे मिटून बसवायचो. मी खाली बसलो, हातमोजे काढले, साखळीला हात लावला, आणि माझ्या लक्षात आलं की बोटं माझी राहिली नाहीत. दिसत होती, साखळीवर ठेवलेली होती, पण काही कळत नव्हतं. चिमूट होईना. अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ यायला तयार नाहीत. मी साखळी तळहाताने ढकलली, मनगटाने ढकलली, ती पुन्हा पुन्हा घसरली. शेवटी दोन दातेरी चक्रांच्या मध्ये अडकली ती अडकलीच.

मग फोन काढला. ओल्या, गार बोटाला काच ओळखेना. दातांनी रेनकोटची चेन ओढून हात पोटाशी न्यावेत म्हटलं, तर पोटाशीही गार ओला कापूस. तेव्हा मला कळलं की माझ्या अंगावर कोरडी अशी एकही जागा उरलेली नाही. वाऱ्याची झुळूक आली की सगळे कपडे एकदम अंगाला बर्फाच्या फडक्यासारखे चिकटायचे.

दात वाजत होते, इतके की जबडा दुखायला लागला. मी सायकल ढकलत चालू लागलो. तारा दप्तर पाठीला लावून वाट बघत असेल, एवढंच डोक्यात. तारा, दप्तर, दार. तारा, दप्तर, दार. आणि मग, नेमकं कधी ते सांगता येत नाही, दात वाजायचे थांबले. बरं वाटलं. थंडी कमी झाली असं वाटलं. रस्त्याच्या कडेला एक आडवा ओंडका होता. मला वाटलं, जरा टेकावं. मिनिटभर. मऊ मऊ झोप डोळ्यांवर येत होती, उन्हाळ्यातल्या दुपारी येते तशी.

आज मला सगळ्यात जास्त भीती त्या बरं वाटण्याची वाटते. थंडीची नाही, अंधाराची नाही. आपण मरायला लागलो आहोत आणि आपल्याला ते सुखाचं वाटतंय, याची.

मी ओंडक्यावर बसलोच होतो तेव्हा लांबून एक उजेड हलत येताना दिसला. कपाळाला दिवा बांधलेलं कुणीतरी, आणि सोबत एक मोठं कुत्रं. मी उभा राहिलो. ओरडायचं होतं, पण मनात दुसरीच भीती उभी राहिली. अंधारं जंगल, समोरून एकटी बाई, आणि हुडीत तोंड लपवलेला एक सावळा परका माणूस अडखळत तिच्या दिशेने येतोय. ती घाबरली तर? पळाली तर? कुत्रं सोडलं तर? अकोल्यात लहानपणी मला कुत्रा चावला होता. तेव्हापासून कुत्रं दिसलं की मी फुटपाथ बदलतो. मी दोन्ही हात वर केले, चोर करतो तसे, आणि म्हणालो, "हिल्फे." मदत. शब्द नीट उमटला नाही. ओठ जड झाले होते.

कुत्रं गुरगुरलं. बाई थांबली. दिव्याचा उजेड माझ्या तोंडावर आला, मग हातांवर, मग सायकलच्या लोंबणाऱ्या साखळीवर. ती आजीच्या वयाची होती. मला वाटलं, आता जाईल.

"तुम्ही प्यायलात का?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"नाही. थंडी," मी म्हणालो.

ती जवळ आली, माझ्या रेनकोटच्या आतली बाही दोन बोटांत धरून पिळली. पाणी गळलं. "बाउमवोल्ल!" ती म्हणाली. कापूस! कुणी शिवी हासडावी तसं म्हणाली. "नोव्हेंबरात! कापूस!" मग कुत्र्याला तिने एक शब्द सांगितला, ते मुकाट खाली बसलं. "हात त्याच्या पोटाखाली घाला. खोल. तो चावत नाही."

मी हललो नाही.

"घाला म्हणते ना," ती ओरडली, आणि तिने माझी मनगटं धरून ते हात कुत्र्याच्या पोटाखालच्या दाट केसांत खुपसले.

आधी काहीच जाणवलं नाही. मग हळूहळू, फार आतून, बोटांत हजार सुया टोचाव्यात तशी कळ सुरू झाली. मी रडायला लागलो. वेदनेने की भीतीने, माहीत नाही. कुत्रं माझ्या कानाशी श्वास टाकत होतं, त्याच्या तोंडाला वास येत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या कुत्र्याच्या जबड्याशेजारी माझा गळा असूनही मला तिथून हलायचं नव्हतं.

तिचं नाव फ्राउ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई. जंगलाच्या काठाशी गाडी लावून ती रोज संध्याकाळी कुत्र्याला फिरवायला यायची. तिने माझ्या अंगातली ओली हुडी उतरवायला लावली, स्वतःचं लोकरीचं स्वेटर काढून मला दिलं आणि तिच्या जाकिटाखाली नुसत्या शर्टवर चालू लागली. होर्टचा नंबर मला तोंडपाठ होता म्हणून बरं. तिने स्वतःच्या फोनवरून लावला. "ताराचे वडील येतायत," ती म्हणाली. "जरा वेळ लागेल. मूल एकटं सोडू नका." सायकल तिथेच झाडाला टेकवून आम्ही निघालो. मी टेकायला बघितलं की ती दंडाला धरून ओढायची. "चाला. नंतर बसा."

होर्टच्या दारात तारा कोट घालून, टोपी घालून, दप्तर पाठीला लावून बाकावर बसली होती. शेजारी तिच्या बाई, त्यांचाही कोट अंगावर. मी वाकलो तशी तिने माझे हात धरले आणि लगेच सोडले.

"पप्पा, तुझे हात माशासारखे आहेत," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून जर्मनमध्ये, हळू आवाजात, "वारूम त्सिटर्स्ट डू?" तू का थरथरतोयस?

मी पुन्हा थरथरायला लागलो होतो. फ्राउ लिंडनर म्हणाली, थरथर म्हणजे चांगलं. घरी पोचेपर्यंत तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर तारा त्या ओल्या कुत्र्याला मिठी मारून बसली होती, आणि अत्यंत आनंदात होती.

सुजाताला मी फोनवर काही सांगितलं नाही; शुक्रवारी ती आली तेव्हा सांगितलं. तिने उठून माझ्या सगळ्या सुती बनियनी कपाटातून काढून बेडवर टाकल्या.

"हे घालून जात होतास?"

"बाबांनी दिलेत."

"बाबांनी अकोल्यासाठी दिलेत, मिलिंद," ती म्हणाली. "मी तिकडे, तू जंगलात, तारा दारात. कुणी फोन केला असता मला? काय सांगितलं असतं?"

नोकरी सोडू का, असंही ती त्या रात्री म्हणाली. ते ऐकून मला जंगलापेक्षा जास्त भीती वाटली. नको, म्हटलं. मी कपडे बदलतो.

आमच्या विभागात समीर नावाचा पुण्याचा मुलगा पीएचडी करत होता. बारा महिने सायकलवर. मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. "मिलिंददादा, गेनाऊ, अगदी हेच सगळ्यांचं होतं," तो म्हणाला. "भारी ब्रँडचं काही घेऊ नको. फक्त अंगाला लागून कापूस नको. कापूस पाणी पितो आणि धरून ठेवतो. आत लोकर किंवा ते खेळाडूंचं सिंथेटिक, मध्ये फ्लीस, वर पाणी अडवणारं. आणि खर्च करायचा तर आधी हातावर कर. बाकीचं जुनंपानं चालतं."

शनिवारी त्याने आम्हाला आधी स्वस्ताईच्या सुपरमार्केटात नेलं. तिथे वर्षातून एकदा, थंडीच्या तोंडावर, चीज आणि ड्रिलमशीनच्या मधल्या जाळीच्या टोपल्यांत सायकलचे कपडे येतात. दार उघडायच्या आधीच निवृत्त आजी-आजोबांची रांग. दार उघडलं आणि ती सगळी मंडळी टोपल्यांवर तुटून पडली. एका आजोबांनी माझ्या हातातली पावसाची पँट सभ्यपणे ओढून घेतली. मी दुसरी मिळवली, एक माप मोठी, कारण खाली उबदार पँट घालायची. बुटांवर घालायची कव्हरं मिळाली नाहीत. "मग फ्रीजरच्या पिशव्या," समीर म्हणाला. "दोन मोज्यांच्या मध्ये. राजेशाही काम." हातमोज्यांसाठी त्याने युक्ती सांगितली: आत पातळ लोकरीचे, वर भांडी घासायचे जाड रबरी, दोन मापं मोठे. ते पिवळेधमक हातमोजे घालून मी आरशात पाहिलं तेव्हा तारा जमिनीवर लोळून हसली. सुजाताही हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

लोकर मात्र महाग. ती फ्लोमार्क्टमध्ये, जुन्या बाजारात, मिळाली. एका बाईने दोरीवर तीन-चार जुनी लोकरी अंतर्वस्त्रं टांगली होती, कोपरावर रफू केलेली. "माझ्या नवऱ्याची," ती म्हणाली. "पोस्टात होता. सायकलवरून टपाल वाटायचा. आता नाही तो."

मी मागे सरलो. मेलेल्या माणसाचे कपडे, तेही अंगाला लागून. आमच्याकडे असले कपडे कुणी घरात आणत नाही. मनात नको नको ते आलं. त्या ओंडक्यावरची झोप आठवली.

सुजाताने ती हातात घेतली, उलटीसुलटी करून उजेडात धरली. "धुऊन घाल," ती मला म्हणाली. "जिवंत राहायलाच घेतोयस ना?" मग त्या बाईकडे वळून तिने जर्मनमध्ये विचारलं, त्यांना कधी थंडी बाधली का?

"त्याला? कधीच नाही," बाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "घरी आला की पाठ गरम असायची."

रविवारी बाबांचा फोन आला. जय भीम झालं, ताराचा अभ्यास झाला, आणि मग त्यांनी विचारलं, बनियनी पुरतात ना, आणखी पाठवू? मी सांगितलं. सगळं नाही, थोडं. पावसात भिजलो, इथे ओला कापूस अंगावर ठेवायचा नसतो, डॉक्टरसुद्धा नको म्हणतात. डॉक्टर मी मध्येच घातले.

ज्या माणसाने चाळीसेक हंगाम चिमटीत कापूस ओढला, त्याला मी सांगत होतो की तुमच्या कापसाने मला जवळजवळ नेलं होतं.

"मंग लोकर घाल," ते म्हणाले. "माणूस वाचला पाह्यजे. कापसाचं काय घेऊन बसला." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "ओल्या कापसाले आम्हीही फॅक्टरीत घेत नव्हतो. आतून तापते तो, पेट घेते. तुमच्याकडं उलटं हाय म्हना की."

त्या संध्याकाळी कपड्यांची चाचणी झाली. मी सगळं घालून बाथरूममध्ये उभा राहिलो आणि तारा वरून शॉवर मारत होती. "नोख माल! नोख माल!" ती किंचाळत होती, पुन्हा एकदा. पाणी टोपीवरून ओघळत होतं, खांद्यांवरून, पिवळ्या हातांवरून. दारात सुजाता हसत होती. मी डोळे मिटून, एका जागी स्थिर, गळ्यातून थेंब आत येतोय का, मनगटाशी ओल लागतेय का, याचा शोध घेत उभा होतो. मला ती गंमत नव्हती. मी वाट बघत होतो, पाणी कुठून शिरेल याची. काँक्रीटच्या तुकड्याकडे मी जसा बघतो तसा त्या दिवशी स्वतःकडे बघत होतो.

मानेपाशी शिरलं. तिथे जुनी लोकरी पट्टी बांधली.

आणि मग पुन्हा जंगल. सोमवारी पाऊस होता. मी आत शिरलो आणि पहिल्या काही मिनिटांतच कळलं की कपडे काम करतायत. टोपीवर पाऊस वाजत होता, आणि मी आत, एखाद्या टपरीत उभा असल्यासारखा कोरडा. बोटं हलत होती. ब्रेक दाबला की दाबला जात होता. पाठ गरम होती, त्या पोस्टमनची असायची तशी. थंडी संपली होती, आणि भीती मात्र तिथेच होती. उलट आता ती उघडी पडली. तोवर मला वाटत होतं की थंडीमुळे घाबरतो. आता थंडी नव्हती, तरी तो ओंडका आला की मी त्याच्याकडे न बघता जायचो. एकदा त्याच्यापाशी दोन हिरवे डोळे चमकले, रानडुक्कर असावं. मी ओरडलो, ते फुरफुरत झाडीत गेलं, आणि घरी येईपर्यंत मी मोठमोठ्याने पाढे म्हणत होतो. कुणी ऐकलं असतं तर वेडा म्हटलं असतं.

फ्राउ लिंडनर कधीमधी भेटायची. तिचं स्वेटर मी धुऊन, घडी करून परत दिलं. ती माझ्या बाहीला हात लावून बघायची, मान डोलवायची, आणि पुढे जायची. फार बोलायची नाही. मी कुत्र्याला खाजवायचो, जरा लांबूनच.

मार्चमध्ये ट्राम सुरू झाली. तोपर्यंत मी एकही दिवस चुकवला नाही. लोक म्हणतात, रोज केलं की भीती मोडते. माझी मोडली नाही. एवढंच झालं की भीती वाटत असतानाही मला तयारी करता येऊ लागली. सकाळी दिवा, हवा, साखळीला तेल, हातमोज्यांची दुसरी जोडी, पिशवीत कोरडी बनियन, लोकरीची. सुजाता म्हणते, भित्रा माणूस चांगली बॅग भरतो. ती आता कार्ल्सरूहेतच काम करते. पण माझी बॅग अजून तशीच भरलेली असते.

यंदा ताराचे कपडे घ्यायला गेलो तेव्हा आमचं दुकानात भांडण झालं. मला पिवळं हवं होतं, लांबून दिसणारं. तिला काळं. "आले हाबेन श्वार्त्स," सगळ्यांचं काळं असतं. शेवटी गडद निळ्यावर तह झाला, आणि पाठीवर चमकणारा पट्टा मी स्वतः शिवून लावला. वापरलेलंच घेतलं, पोर दर वर्षी वीतभर वाढतंय. लोकरीचं आतलं मात्र नवं. तिथे मी ऐकलं नाही.

सोमवार उजाडला आणि पाऊस. ताराचा चेहरा फुललेला. सुजाता दारात उभी. मी विचारत सुटलो, "हातमोजे? मागचा दिवा? रूळ ओलांडताना—"

"उतरून, सरळ, बघून," तारा म्हणाली. "पप्पा, माझी प्रूफुंग झालीय. पोलीस म्हणाले मी चांगली आहे."

ती गेली. तांबडा दिवा कोपऱ्यावर वळला.

"बस. चहा पी," सुजाता म्हणाली.

मी जाकीट चढवलं.

"मिलिंद, जाऊ नकोस मागे."

मी गेलो. सायकलवरून, दोन गल्ल्या अंतर ठेवून, कुंपणाच्या आडून, चोरासारखा. ट्रामच्या रुळांपाशी ती उतरली, तोवर मी शेजारच्या कुंपणाआड पोचलो होतो. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, चष्म्यावरचे थेंब हातमोज्याने पुसले आणि ते आणखी पसरले. मग मान वळवून, थेट माझ्या कुंपणाकडे बघत म्हणाली, "पप्पा, इष जेहे दिष." दिसतोयस तू मला. आणि मग आवाज खाली आणून, "घरी जा ना. सगळे बघतायत."

रस्त्यावर छत्री घेतलेली एक म्हातारी सोडून कुणी नव्हतं.

तिने सायकल ढकलत रूळ ओलांडले तशी घंटा वाजली. ट्राम आली. पिवळी, लांबच लांब, ओल्या रुळांवर किंचाळत ती आमच्या मधून जाऊ लागली. डब्यामागून डबा. उजळलेल्या खिडक्या, त्यांच्या आत फोनमध्ये माना घातलेले लोक. ती पलीकडे थांबली होती की निघाली होती, काही दिसत नव्हतं. शेवटचा डबा गेला. समोर रिकामा रस्ता, त्यावर पाऊस.

ती पलीकडून नीट शाळेच्या दिशेने गेली होती की नव्हती, हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. मी पुढे जाऊन बघू शकलो असतो. हात हँडलवर होते, पाय पायडलवर. मी तो पाय खाली टेकवला. फार जड गेलं. मग सायकल वळवली.

त्या दिवशी प्रयोगशाळेत मी एकही काम धड केलं नाही. फोन उपडा ठेवला, पुन्हा सुलटा केला. शाळेचा फोन आला नाही. आला नाही म्हणजे पोचली असणार, असं सुजाताने दोनदा लिहून पाठवलं. मी घरी लवकर आलो आणि खिडकीत उभा राहिलो. पाऊस पडतच होता.

कोपऱ्यावर हेल्मेट दिसलं. ती आली, सायकल भिंतीला लावली, कुलूप घातलं, जिना चढली. दारात तिच्याखाली पाण्याचं तळं झालं. गाल लालभडक, केस कपाळाला चिकटलेले.

"कसं झालं?" मी विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा खूप प्रयत्न केला.

"खूप गरम झालं," ती कुरकुरली, जाकीट ओढून काढत. "इतकं कशाला घालायला लावतोस? आणि भूक लागलीय."

मी पोळी गरम करायला वळलो, कारण मला तोंड लपवायचं होतं. मागून ती मोजे काढत, अगदी खुशीत सांगत होती, "पप्पा, उद्या पण पाऊस आहे."